चालू लाइनवर कार्ड बदलणं: आठ महिन्यांनंतर

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा औषधांचा प्लांट. सॉल्व्हंट रिकव्हरीचा (वापरलेले द्रावक ऊर्ध्वपातनाने परत मिळवण्याचा) भाग झोन १ मध्ये, म्हणजे नेहमीच्या कामातही मिथेनॉलची वाफ अधूनमधून असणार हे गृहीतच. पूर्वी तिथलं एक कार्ड (टाक्या-पंपांचे सिग्नल कंट्रोल रूमपर्यंत पोचवणारी सर्किटची पाटी) गेलं की पॅनेलची वीज बंद, गॅस टेस्ट, परमिटवर सह्या, आणि निम्मी शिफ्ट त्यातच जायची. ऑक्टोबरात रिमोट आय-ओचा, म्हणजे यंत्रांजवळच बसणाऱ्या अशा कार्डांचा, नवा संच बसवला. यातली कार्डं वीज चालू ठेवूनच काढता-घालता येतात.

काढणं खरंच सोपं. खिट्टी दाबा, कार्ड सरळ बाहेर ओढा. ठिणगी पडली तरी वाफ पेटवण्याइतका जोर तिच्यात नसतो, कारण व्होल्टेज आणि करंट मुळातच बांधून ठेवलेले. मिथेनॉलला पेटायला साधारण ०.१४ मिलीज्यूल पुरतात, त्यामुळे ही बांधणी नावापुरती असून चालत नाही. चुकीचं कार्ड कोडिंग पिनमुळे त्या खाचेत बसतच नाही. रात्रपाळीत डोळे चुरचुरत असताना याची किंमत कळते.

मात्र विकणारे ‘हॉट स्वॅप’ म्हणतात ते सगळ्या पॅनेलला लागू नाही. आमच्या संचातलं पॉवर सप्लायचं मॉड्यूल चालू असताना काढायचं नाही. तशी पट्टी आहे, पण इतक्या बारीक अक्षरांत की मी वर लाल रंगात मराठीतून दुसरी चिकटवली. कंत्राटी पोरं आधी हात घालतात, मग वाचतात.

माझा हात जानेवारीत पोळला, तो वेगळ्याच कारणाने. एका टाकीची लेव्हल उड्या मारत होती. म्हटलं, कार्ड बदलून बघू. ओढलं. त्याच कार्डावर आठ चॅनेल, म्हणजे आठ सिग्नल, त्यातलं एक ऊर्ध्वपातनाच्या कॉलमच्या तापमानाचं. सिग्नल गेला, इंटरलॉक (गडबड दिसली की यंत्र आपोआप थांबवणारी सोय) लागला, फीड पंप बंद. कंट्रोल रूममधून फोन: “पात्रांव, कितें केलें तुवें?” कॉलम पुन्हा जाग्यावर यायला दोन तास गेले. आणि कार्ड ठणठणीत होतं! टाकीजवळच्या जंक्शन बॉक्समधली वायर सैल झाली होती. ठिणगीची काळजी संचाने घेतली, प्रोसेसची मी घ्यायची होती, ती राहिली. आता कार्डाला हात लावण्याआधी आठही लूपची (त्या सिग्नलांवर चालणाऱ्या नियंत्रणांची) यादी ऑपरेटरसमोर ठेवतो आणि कुठला बायपास करायचा, म्हणजे तेवढ्यापुरता बाजूला ठेवायचा, त्यावर सही घेतो. म्हणजे सह्या काही सुटल्या नाहीत.

किंमत चढी आहे. चारच कार्डं असतील तर पॅनेल सुरक्षित भागात नेऊन बॅरियर (धोक्याच्या भागात जाणारी वीज मर्यादेत ठेवणारी उपकरणं) लावलेले बरे. आमची चाळीस आहेत, त्यामुळे मी पुन्हा हेच घेईन.

पावसाळ्याचं एक. सुटी कार्डं आम्ही एसीच्या खोलीत ठेवायचो. जूनमध्ये त्यातलं एक बाहेर आणून पिशवी उघडली, तर मिनिटभरात त्यावर दव धरलं, बोट फिरवलं तर ओलं. तेव्हापासून कार्ड बंद पिशवीतच अर्धा तास पॅनेलजवळ ठेवतो, मगच फोडतो.