व्हिडिओत दाखवला एक पोपट, पाठवला दुसराच

आफ्रिकन ग्रे या राखाडी पोपटाचं हँडटेम (हाताला सरावलेलं), सेल्फ झालेलं (स्वतः खायला लागलेलं) पिल्लू म्हणून आम्हाला जो पक्षी विकला गेला, तो पिल्लू नव्हता, माणसाळलेला नव्हता आणि निरोगी तर अजिबात नव्हता. पहिल्यांदाच पोपट घरी आणायच्या विचारात असलेल्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी सगळं लिहीत आहे.

घरातली तयारी आम्ही मनापासून केली होती. ग्रेला झेपेल असा मजबूत पिंजरा, सळ्यांमधलं अंतर २ ते २.५ सेंटीमीटर, म्हणजे डोकं अडकायला नको. जस्ताचा मुलामा असलेली जाळी टाळली, कारण पोपट सळ्या चावत राहतो आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. नॉनस्टिक भांडी स्वयंपाकघरातून काढून टाकली. ती जास्त तापली की निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, आपल्याला मात्र वासही येत नाही. अॅव्होकॅडो आणि चॉकलेट पक्ष्याच्या आसपासही न्यायचं नाही, हे मुलांना बजावून झालं होतं. हे सगळं मी विक्रेत्याला उत्साहाने सांगत होते आणि तो ते मनात नोंदवत होता. पुढे त्याने घाई करायला नेमकं हेच वापरलं. "ताई, तुमचा पिंजरा तयार आहे, मुलं वाट बघतायत, आणि या पिल्लाला दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. आज टोकन दिलंत तर ठेवतो."

त्याने पाठवलेल्या व्हिडिओत एक गोड पिल्लू हातावर बसून खात होतं. डोळे काळेभोर, पायात रिंग. सोबत डीएनए सर्टिफिकेटचा फोटो होता, त्यात 'मादी' असं लिहिलेलं. ग्रेमध्ये नर-मादी नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी पिसाची किंवा रक्ताची तपासणी लागते. त्यामुळे असा कागद दिसला की विश्वास बसतोच. टोकन गेलं. मग प्रवासाच्या पेटीचे पैसे, मग आरोग्य तपासणीचे, मग उरलेली सगळी रक्कम 'गाडी निघण्याआधी'. प्रत्येक वेळी रक्कम छोटी, आणि ती दिली नाही तर आधीचे पैसे बुडणार अशी भीती. लाइव्ह व्हिडिओ कॉल मागितला की नेटवर्क नाही किंवा पिल्लू झोपलंय.

पेटी उघडली आणि आतल्या पक्ष्याचे डोळे फिकट पिवळे होते.

ही एक गोष्ट लक्षात ठेवाच. ग्रेच्या पिल्लाचं बुबुळ काळपट-राखाडी असतं. वाढत्या वयात ते फिकट होत जातं आणि मोठ्या पक्ष्यात पिवळसर दिसतं. काही महिन्यांचं पिल्लू म्हणून दिलेल्या पक्ष्याचे डोळे पिवळे असतील, तर तुम्हाला वयाबद्दल खोटं सांगितलं आहे. त्यावर वाद घालण्यासारखं काही उरतच नाही.

दुसरी गोष्ट रिंग. ब्रीडरकडे जन्मलेल्या पिल्लाच्या पायात ते अगदी लहान असतानाच अखंड, बिनजोडाची रिंग सरकवतात. पाय वाढला की ती ना काढता येते, ना मोठ्या पक्ष्याला नव्याने घालता येते. आमच्याकडे आलेल्या पक्ष्याच्या पायातली रिंग मात्र जोड असलेली, पकडीने दाबून बसवलेली होती. अशी रिंग कुठल्याही वयात, कुणाच्याही पायात बसवता येते. तिच्यावरचा नंबर व्हिडिओतल्या नंबराशी जुळत नव्हता, आणि सर्टिफिकेटवर तर रिंगचा नंबरच नव्हता. नंबर नसलेलं डीएनए सर्टिफिकेट जगातल्या कुठल्याही ग्रेला लावता येतं, म्हणून त्याची किंमत शून्य समजा. खात्री करायची तर रिंग फिरवून फिरवून तिला कुठे फट आहे का बघा, आणि कागदावरचा नंबर एकेक अक्षर जुळवून बघा.

तरीही घरातल्यांना पहिल्या दिवशी पक्षी आवडला. तो शांत बसला होता, हात लावू देत होता. हेच सगळ्यात फसवं असतं. पोपट आजार लपवतो. रानात दुबळा दिसलेला पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. लपवणं अशक्य झालं की तो पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, किती शहाणा आहे! आमचा पक्षी श्वासागणिक शेपूट वरखाली करत होता आणि विष्ठेतला एरवी पांढरा असणारा भाग हिरवट झाला होता. ही दोन्ही लक्षणं दिसली की 'प्रवासाने थकलाय' असं कुणी म्हटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि तो पक्ष्यांचा अनुभव असलेला डॉक्टर हवा. असा डॉक्टर पिंजरा घेण्याआधीच शोधून ठेवायला हवा, पिंजऱ्यापेक्षा त्याची गरज आधी पडते.

डॉक्टरांनी आधी वजन केलं. निरोगी ग्रे साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा असतो. हा त्याहून बराच कमी भरला, छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत होतं. तपासणीत सिटाकोसिस निघाला. हा जिवाणूंमुळे होणारा आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही होतो: ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनियापर्यंत मजल जाते. मुलं त्या पिंजऱ्याजवळ बसली होती, हे आठवलं की आजही मला त्या विक्रेत्याचा संताप येतो. पैशांची फसवणूक एकवेळ सहन होते. आजारी पक्षी लहान मुलांच्या घरात धाडणं ही वेगळीच गोष्ट आहे. तुमच्याकडे नवा पक्षी आल्यावर घरात कुणाला ताप-खोकला झाला, तर डॉक्टरांना पक्ष्याबद्दल आपणहून सांगा, कारण ते सहसा विचारत नाहीत.

औषध डॉक्सिसायक्लिन, ४५ दिवस. या काळात कॅल्शियमचा तुकडा पिंजऱ्यातून काढावा लागतो, कारण कॅल्शियममुळे हे औषध अंगात नीट शोषलं जात नाही. पक्षी सुधारू लागला आणि मग खरा स्वभाव दिसला: माणूस जवळ गेला की तो कोपऱ्यात अंग चोरून गुरगुरायचा. डॉक्टर म्हणाले, माणसांच्या हातावर वाढलेला ग्रे असा वागत नाही. वय, रिंग आणि ही भीती बघता हा रानातून पकडलेला असावा. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला झालेल्या सायटीस (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत ग्रेला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घातलं गेलं. रानातल्या ग्रेचा देशोदेशींचा व्यापार तेव्हापासून बंद आहे, तो इतके पक्षी पकडले गेले म्हणूनच. त्या पक्ष्याने काय सोसलं असेल याचा विचार मनातून जात नाही.

याच काळात फसलेल्या इतरांशी बोलणं झालं. कुणाला 'अंडी उबवून पिल्लू काढा' म्हणून पोपटाची अंडी विकली होती. प्रवासात हेलकावे आणि गारवा खाल्लेल्या अंड्यातून काही निघत नाही. कुणाला सेल्फ न झालेलं पिल्लू, 'तुम्ही भरवलंत तर लळा लागेल' असं सांगून दिलं. ही सर्वांत क्रूर थाप. भरवायचं मिश्रण ४० अंश सेल्सियसच्या आसपासच लागतं. त्याहून फार गरम झालं तर अन्नाची पिशवी भाजते, थंड असेल तर अन्न तिथेच आंबतं, आणि सिरिंज चुकली तर फुप्फुसात जातं. लळा तर स्वतः खाणाऱ्या पक्ष्यालाही लागतो. विक्रेत्याला फक्त पिल्लू सांभाळायचे आठवडे वाचवायचे असतात.

आमचा पक्षी बरा झाल्यावर डॉक्टरांच्या मदतीने वन्यजीव अधिकाऱ्यांमार्फत बचाव केंद्रात गेला. पैसे परत मिळालेले नाहीत, तक्रार चालू आहे. विक्रेत्याने ब्लॉक करण्याआधी मी सगळे मेसेज, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि पेटी उघडतानाचा न थांबवता केलेला व्हिडिओ जपून ठेवला होता. तक्रारीत आज सगळ्यात उपयोगी पडतोय तो मात्र त्याने स्वतः पाठवलेला पहिला व्हिडिओ. तो थांबवला, मोठा केला की पिल्लाच्या रिंगवरचा नंबर स्पष्ट वाचता येतो. तुम्हाला असा व्हिडिओ आला तर तो लगेच फोनमध्ये उतरवून घ्या, आणि टोकन देण्याआधी तोच नंबर कॅमेऱ्यासमोर, लाइव्ह, पक्ष्याच्या पायावर दाखवायला सांगा.