पोर्सेलिन टाईल्स : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

फैजपूरच्या आमच्या जुन्या घरातली शहाबादी फरशी काढून पोर्सेलिन टाईल्स बसवल्या, त्याला वर्ष होत आलं. एक कडक उन्हाळा गेला, पावसाळा गेला, केळीचे घड घरात आले, भरिताच्या पंगती उठल्या. घर नव्यानं करताना रंग आणि डिझाईन बघत बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण या टाईल्सचं खरं काम रंगाच्या पलीकडे सुरू होतं.

दुकानात पोर्सेलिनला सर्रास 'व्हिट्रिफाइड' म्हणतात. दोन्हींत बघायची गोष्ट एकच, टाईल पाणी किती पिते. पोर्सेलिनचं शोषण ०.५ टक्क्यापर्यंत असतं. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाईलचं १० टक्क्यांच्याही वर जातं. टाईल उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर पाण्याचा थेंब ठेवा. सिरॅमिकवर तो बघता बघता मुरतो आणि ओला डाग पसरतो. पोर्सेलिनवर थेंब तसाच टपोरा बसून राहतो. बहुतेक माल गुजरातमधल्या मोरबीचाच असतो, त्यामुळे दुकानदाराच्या तोंडच्या नावापेक्षा हा थेंब जास्त खरं सांगतो.

हॉलमध्ये २ बाय ४ फुटी, स्वयंपाकघरात आणि मागच्या ओट्यावर २ बाय २ च्या मॅट टाईल्स घेतल्या. चकचकीत टाईल शोरूमच्या दिव्याखाली सुंदर दिसते. आमच्याकडे मात्र शेतातून येणारी काळी माती, पाण्याचे शिंतोडे आणि अनवाणी वावरणारी म्हातारी माणसं. आईचा पाय मॅटवर एकदाही घसरला नाही, माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे. मोरीत तर आर११ खालची टाईल घेऊच नका (हा 'आर' आकडा म्हणजे टाईल किती कमी घसरते त्याचं माप, जास्त आकडा तितकी पकड जास्त). मॅटवर धूळ जरा धरून राहते, पुसताना जोर लागतो, हे मात्र खरं.

डागांचं म्हणाल तर हळद आणि तेल साबणाच्या पाण्यानं निघतं. केळीचा चीक वाळून काळा पडला होता, तोही घासल्यावर गेला. कपड्यावरचा तोच चीक जन्मात जात नाही. डाग धरतो तो जॉइंट, म्हणजे दोन टाईल्समधली फट. स्वयंपाकघरात त्यात इपॉक्सी ग्राउट (रेझिनचा भराव) भरलं, ते अजून जसंच्या तसं आहे. हॉलमध्ये सिमेंटचं भरलं होतं, ते दारापाशी तपकिरी पडलंय. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, गॅसच्या ओट्याखाली नाही. फरशीला ॲसिड तर अजिबात नको. ते सिमेंटचा जॉइंट खाऊन टाकतं.

आता बसवण्याबद्दल. अर्धी गुणवत्ता इथे ठरते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून आधी माती काढून मुरूम भरला, चोपला, वर काँक्रीट केलं आणि त्यावर पुरेसे दिवस पाणी मारलं. टाईल पाणी पीत नाही, म्हणजे सिमेंटचा माल तिला नीट धरतही नाही. म्हणून टाईल चिकटवायचं ॲडहेसिव्हच घ्या, पिशवीवर आयएस १५४७७ हा त्याच्या भारतीय मानकाचा नंबर लिहिलेला बघून. मागची पांढरी पावडर ओल्या स्पंजनं पुसून, दातेरी थापीनं सगळीकडे थर द्यायचा. चार कोपऱ्यांत आणि मधे गोळे ठेवून टाईल दाबली की खाली पोकळी राहते, आणि जड भांडं पडलं की नेमका तिथे तडा जातो.

आमचे मिस्त्री म्हणाले, "भाऊ, स्पेसर कशाले? टाईलले टाईल भिडवून लावतो, एकसंध दिसन." मी दोन टाईल्समध्ये फट ठेवणारा २ मिमीचा स्पेसर लावायलाच सांगितला. भिंतीकडेलाही फट सोडून ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाच्या पट्टीखाली झाकली. जळगाव जिल्ह्यातल्या उन्हात टाईल प्रसरण पावते. तिला जागाच नसेल तर ती मधूनच उचलली जाते. आमची एकही उचललेली नाही. मिस्त्रींनीच मग लाकडी दांड्यानं प्रत्येक टाईल ठोकून पाहिली, आणि जिथे पोकळ वाजली तिथे काढून पुन्हा बसवली.

शहाबादीचा थंडावा जाईल अशी घरात सगळ्यांना धास्ती होती. पण मे महिन्यात दुपारी सगळे हॉलमध्ये या टाईल्सवरच पडायचे. गच्चीवर मात्र गडद रंग टाळा, दुपारी पाय ठेववत नाही.

माल घेताना प्रत्येक खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर जुळवून घ्या. आमच्या मालात वेगळ्या शेडची खोकी मिसळून आली होती, बसवण्याआधी तपासली म्हणून दुकानदारानं बदलून दिली. तुटफुटीसाठी १० टक्के जास्त धरा आणि उरलेल्या टाईल्स माळ्यावर ठेवा. तोच बॅच पुढे मिळत नाही.