केर्न्स की पोर्ट डग्लस: मुक्काम कुठे टाकावा?

उत्तर क्वीन्सलँडची तिकिटं निघाली की मेलबर्नमधले ओळखीचे लोक हा प्रश्न विचारतातच, त्यातून जुलैच्या थंडीत भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन जाणार असतील तर हमखास. विमान केर्न्सलाच उतरतं. पोर्ट डग्लस तिथून उत्तरेला साधारण ६५ किलोमीटर, तासाभराचा रस्ता. आम्ही दोन्हीकडे राहिलो आहोत.

केर्न्स हे व्यवस्थित शहर आहे. जेवायला भारतीय हॉटेलं मिळतात, आणि घरच्यांना फक्त शाकाहारी चालत असेल तर हा मुद्दा लहान नाही. ग्रीन आयलंड बोटीने पाऊण तासावर. १८९१पासून कुरांडा या डोंगरातल्या गावी जाणारी घाटातली रेल्वे आणि येताना जंगलाच्या माथ्यावरून आणणारी स्कायरेल ही केबल कार, दोन्ही इथून जवळ. शहरासमोर मात्र पोहण्याजोगा किनारा नाही. ओहोटीला नुसता चिखल दिसतो, म्हणून पालिकेने एस्प्लनेडवर खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव बांधलाय. तो फुकट आहे आणि मुलं त्यातून बाहेर यायला तयार नसतात.

पोर्ट डग्लस तसं छोटं आणि थोडं महाग. पण फोर माइल बीच गावाला लागून आहे. (नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा हंगाम, तेव्हा जाळी लावलेल्या भागातच उतरायचं. मगरींच्या पाट्या बाराही महिने वाचायच्या.) ग्रेट बॅरिअर रीफमधल्या ॲजिनकोर्ट रीफच्या बोटी इथल्याच धक्क्यावरून सुटतात. दीड तासाची बोट नको असेल तर लो आयल्स हे छोटं बेट बरंच जवळ आहे. बोट लागण्याची भीती असलेल्यांना मी तेच सुचवेन.

माझ्यासाठी निकाल लागला तो डेनट्रीच्या वर्षावनात गेलो त्या दिवशी. केर्न्सहून केप ट्रिब्युलेशनला जाऊन यायचं तर पहाटे निघावं लागतं, आणि डेनट्री नदीवर तारेने ओढली जाणारी फेरी सुट्ट्यांत रांग लावायला लावते. जंगलात चालायला, कॅसोवरी हा मोठा, न उडणारा पक्षी दिसतो का म्हणून थांबायला खरा वेळ उरतो तो दुपारचा. तिथे हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधार पडतो. मग दमलेल्या अवस्थेत कॅप्टन कुक हायवेची वळणं घ्यायची: एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मागच्या सीटवर आईला मळमळतंय आणि रस्त्यावर केव्हा वॉलाबी (छोटा कांगारू) उडी मारेल याचा नेम नाही. त्या भागातला सगळ्यात देखणा रस्ता, आणि तो काळोखात जीव मुठीत धरून पार करायचा! पोर्ट डग्लसला राहिलात तर हा तास जाता-येता दोन्ही वेळा वाचतो. मॉसमन गॉर्ज ही नदीची घळ वीस मिनिटांवर असल्याने तिथल्या मूळनिवासी कुकू यलांजी लोकांसोबतची जंगलफेरीही सकाळी निवांत करता येते.

गाडी चालवणार नसाल, किंवा दोनच रात्री असतील, तर केर्न्स सोयीचं पडेल. प्रत्येकाची गरज वेगळी. पण चार रात्री हातात असतील तर मी उतरल्या उतरल्या, दिवसाउजेडी, पोर्ट डग्लस गाठेन. तीन रात्री तिथे काढेन, कुरांडा शेवटच्या दिवसासाठी ठेवेन आणि परतीच्या विमानाआधीची एकच रात्र केर्न्सला झोपेन.