बर्क स्ट्रीटवरचं लाल स्टूल

दुपारची ड्यूटी संपली की घरी जायच्या आधी मी ट्रामने सिटीत उतरते आणि पेलेग्रिनीज या इटालियन एस्प्रेसो बारमध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, शिरते. मेलबर्नला नवी होते तेव्हा एका कॅफेत, मी एकटीच आहे असं बघून, मला चौघांच्या टेबलावरून उठवलं होतं. ते फार लागलं होतं. इथे तो प्रश्नच येत नाही, कारण इथे मुळात टेबलं अशी नाहीतच.

६६, बर्क स्ट्रीट. बाहेर निऑनची पाटी, आत चौकडीची फरशी, भिंतीला आरसे, आणि अरुंद कट्ट्यासमोर ओळीने लाल स्टुलं. शेजारच्याचं कोपर लागणारच. एकटं आलेल्या माणसाला ही बैठक किती सोयीची असते, ते एकटं आल्याशिवाय कळत नाही.

एस्प्रेसो दोन-तीन घोटांची. वरची तपकिरी साय, म्हणजे क्रेमा, नीट बघा. साखर टाकली की ती क्षणभर सायीवर थबकते आणि मग हळूच बुडते. जुन्या यंत्रांत नुसत्या वाफेचा जोर असायचा, त्यात ही साय धरत नसे. मिलानच्या आकिले गाज्जाने स्प्रिंगचा दांडा बसवला, पाणी हवेच्या आठ-नऊ पट दाबाने कॉफीच्या भुकटीतून उतरू लागलं, आणि आज आपण जिला एस्प्रेसो म्हणतो ती कॉफी जन्मली. ही दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट. त्याच काळात इटालियन माणसं जहाजं भरभरून ऑस्ट्रेलियात उतरत होती.

लिओ आणि विल्डो पेलेग्रिनी या भावांनी १९५४ साली हे दुकान थाटलं. तेव्हा व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, पब संध्याकाळी सहाला बंद व्हायचे. तो कायदा थेट १९६६पर्यंत टिकला. मग कामावरून सुटलेल्या माणसाने जायचं कुठे? बायकांनी तर कुठेच नाही! एस्प्रेसो बारमध्ये मात्र रात्रीपर्यंत दिवे असत आणि एका कपावर बसता येई. इटालियनांनी या शहराला कॉफीची चटक लावली असं सगळे म्हणतात. मला त्यांनी दिलेली ती संध्याकाळ जास्त मोलाची वाटते.

जेवायचं असेल तर लझान्या मागवा, भरपूर असतो. मागे स्वयंपाकघरातच एक मोठं टेबल आहे, तिथे जागा मिळाली तर सोडू नका. उन्हाळ्यात कलिंगडाचं ग्रानिता, म्हणजे रसाचा बर्फाळ चुरा, दुसरं काही नको.

१९७४मध्ये सिस्तो मालास्पिना आणि निनो पांग्राझियो या दोघांनी दुकान घेतलं. ९ नोव्हेंबर २०१८ला याच रस्त्यावर एक गाडी पेटली. आतल्या माणसाला मदत करायला सिस्तो धावले आणि त्यानेच त्यांना भोसकलं. त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला गेला. मी या शहरात त्यानंतर आले, त्यांना कधी पाहिलं नाही. तरी आत शिरताना दर वेळी त्यांची आठवण काढते.

लॅपटॉप उघडून दोन तास बसायचं असेल तर दुसरीकडे जा.

परवा पाठीवर भलीमोठी सॅक घेतलेली एक मुलगी दारातच घुटमळली, कुठे बसावं ते तिला कळेना. मी शेजारच्या स्टुलावरची माझी पर्स उचलून मांडीवर घेतली.