नवीन गिटारचा वास आणि तिच्या केसचा वास, दोन्हीचा वेगवेगळा रिव्ह्यू

गिटारचा रिव्ह्यू म्हटलं की अॅक्शन म्हणजे तारांची उंची किती आहे, इंटोनेशन म्हणजे सगळीकडे सूर बरोबर लागतो का, बास घुमतो का हे सगळे लिहितातच, त्यामुळे ते मी सोडून देतो, वाजायला गिटार छान आहे एवढं पुरे. मी लिहिणारे फक्त वासाबद्दल. हसायचं तर हसा, पण नवीन गिटार घरी आल्यावर कोणी बघत नाही ना याची खात्री करून तुम्हीही बॉडीच्या मधल्या गोल होलला नाक लावलेलं असणार.

गिटार क्लासिकल आहे, टॉप म्हणजे पुढची फळी वेस्टर्न रेड सीडरची, मागची बाजू आणि कडा शिसवीच्या म्हणजे इंडियन रोझवूड, नेक स्पॅनिश सीडरचा, आणि सोबत कंपनीचीच हार्ड केस, म्हणजे गिटार ठेवायची कडक पेटी. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढे केसबद्दल बरंच बोलणार आहे.

आधी गिटार. बाहेरून हुंगलं तर काहीच कळत नाही, म्हणजे अगदी बारीक, कारण सगळीकडे पॉलिशचा थर आहे आणि हे पॉलिश पॉलीयुरेथेनचं, ते एकदा पक्कं झालं की वासाच्या बाबतीत मुकं. खरा माल आत आहे. गिटार आतून पॉलिश करत नाहीत, लाकूड कोरंच असतं, त्यामुळे सगळा वास होलमधूनच येतो. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आत बघितलं की कोरा सीडर, ब्रेसेस म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, कडेचं लाइनिंग, एका ठिकाणी वाळलेला डिंकाचा पिवळट थेंब पण दिसला. नाक लावल्यावर पहिल्यांदा सीडर येतो, कोरडा आणि जरा तिखट, नाकात वरपर्यंत जाणारा. तो जरा बसला की मग मागून शिसवीचा गोडसर वास हळूच येतो, आणि तो जो येतो ना, त्यासाठी मी वाजवणं थांबवून परत परत वाकून बसतो.

तिसरा वास ओळखायला मला वेळ लागला. पारंपरिक पद्धतीच्या क्लासिकल गिटारमध्ये नेक आणि बॉडीच्या आतला ठोकळा एकत्रच घडवलेला असतो, बॉडीच्या कडा त्यातच खाचा पाडून बसवतात. म्हणजे नेकचं लाकूड बाहेर पॉलिशखाली असलं तरी आत उघडं. स्पॅनिश सीडर म्हणजे ज्याचे सिगारचे डबे करतात तेच लाकूड, वास अगदी तोच, गोड आणि थोडा मसालेदार. होलच्या नेककडच्या काठाशी नाक नेलं तर तो वेगळा कळतो, ब्रिजकडच्या, म्हणजे तारा बांधतात त्या बाजूच्या काठाशी टॉपचा सीडर जास्त. ट्राय करून बघा, फरक खरंच लागतो.

वासावरून गिटार सॉलिड लाकडाची आहे का कळतं का असं एकाने विचारलं होतं. थोडंफार. लॅमिनेट म्हणजे शेवटी प्लायच, बऱ्याचदा बाहेर एका लाकडाचा पातळ पापुद्रा आणि आत दुसऱ्याच, त्यामुळे बाहेर शिसवी दिसते आणि आत शिसवीचा मागमूस नाही असं होतं. पण नाकावर भरवसा ठेवून व्यवहार करू नका, होलच्या कडेला टॉपची जाडी दिसते तिथे रेषा वरून खालपर्यंत सलग जातायत का ते डोळ्यांनी बघा. आणि ज्या गिटारची बॉडी हाय प्रेशर लॅमिनेटची आहे तिच्यात लाकडाचा वास शोधायलाच जाऊ नका, तो कागद आणि रेझिन दाबून केलेला प्रकार आहे, टिकायला मस्त, वासाला शून्य.

स्प्रूसच्या टॉपवाल्यांनी नाराज होऊ नये पण सीडरपुढे स्प्रूसचं लाकूड फिकंच, वास हलका राळेसारखा येतो आणि लवकर विरतो. अपवाद टॉरिफाइड स्प्रूसचा, ते लाकूड ऑक्सिजन कमी ठेवून भट्टीत खूप तापवतात, त्याला साखर जळल्यासारखा एक वास असतो, रोस्टेड मेपलच्या नेकलाही तोच. फ्लॅमेंको गिटारचा सायप्रस तर एकदम धारदार, तो आवडणारे वेगळेच लोक.

मित्राच्या इलेक्ट्रिक गिटारला नायट्रो लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश आहे आणि तिथे लाकडाचा संबंधच नाही, ज्या व्हॅनिलासारख्या वासाच्या सगळे प्रेमात आहेत तो लॅकरचा आहे. नायट्रोसेल्युलोज हे सॉल्व्हंटमध्ये विरघळवून मारतात आणि सॉल्व्हंट उडून गेलं की ते वाळतं, पण हे उडणं महिनोन् महिने चालू राहतं म्हणून वासही चालू राहतो. कारखान्यात यूव्ही दिव्याखाली पक्कं केलेलं पॉलिश काही मिनिटांत तयार, मग मागे वास उरणार कुठून. एक मात्र लक्षात ठेवा, नायट्रोवाली गिटार रबर किंवा व्हिनाइलच्या स्टँडवर ठेवली की लॅकर मऊ पडून डाग पडतो, वास कितीही छान असला तरी तो डाग जात नाही.

आता केस. कुलपं चांगली, गिटार आत घट्ट बसते, हँडल मजबूत, तक्रार नाही. पण वास! बाहेरून व्हिनाइल, मध्ये प्लाय, आत मखमली अस्तर, आणि हे सगळं एकमेकांना चिकटवायला जो ग्लू लागतो तो भरपूर लागतो. जुन्या केसेसना सरस वापरायचे, प्राण्यांच्या कातडीपासून बनवलेला, त्याचा वास दमट हवेत उठतो आणि जुन्या केसेसचे शौकीन त्याच्यावर जीव टाकतात. माझ्या केसमध्ये सरस नाही, सरळ सरळ सॉल्व्हंटवाला ग्लू आहे. झाकण उघडलं की पहिल्या क्षणाला वाटतं वा, नवीन वस्तू, दुसऱ्या क्षणाला डोकं जड. सगळ्यात वाईट जागा म्हणजे नेकखालचा तो छोटा कप्पा ज्यात कापो म्हणजे तारा दाबायचा चिमटा आणि जादा तारा ठेवतो, त्याला वेगळं झाकण आहे, आत हवा खेळतच नाही, अस्तर कोपऱ्यात ओढून चिकटवलंय आणि ग्लू तिथेच साचलाय, हात लावला तर कडक लागतो. तिथे सूर जुळवायचा छोटा ट्यूनर ठेवला होता, त्याच्या पट्ट्याला अजून वास येतो.

आणि खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच. काही आठवड्यांनी गिटारलाच केसचा वास यायला लागला. कोरं लाकूड आजूबाजूचं सगळं धरून ठेवतं, मखमल त्याहून जास्त, आणि बंद केसमध्ये दोघं रात्रभर एकत्र. होलमधून सीडरच्या आधी ग्लू यायला लागला हो! कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की नवीन प्रॉडक्टला वास असतो, जातो आपोआप. जातो, पण कोणाच्या नाकातून ते सांगितलं नाही.

उपाय म्हणाल तर केस उघडी टाकून ठेवणे हाच, पण गिटार बाहेर काढून. हे महत्त्वाचं आहे कारण बरेच लोक गिटार आत ठेवूनच झाकण उघडं ठेवतात, मग वास गिटारमध्येच बसत राहतो. बाहेर काढल्यावरही हवेकडे लक्ष ठेवा, हवा कोरडी असेल तर लाकूड सुकतं, टॉपला तडा जाऊ शकतो, गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता लागते. रिकामी केस खिडकीजवळ सावलीत, कप्प्याचं झाकण पण उघडं, आणि आत वाटीत खाण्याचा सोडा. उन्हात ठेवू नका, ग्लू मऊ होऊन अस्तर सुटतं आणि वास उलट वाढतो. माझ्या केसचा वास यानं निम्म्याच्या खाली आला, कप्पा मात्र अजून कप्पाच आहे.

वास गेला असं वाटलं तरी लगेच विश्वास ठेवू नका, नाक सवयीनं बधिर होतं, बाहेर एक चक्कर मारून या आणि परत हुंगा. आणि लाकडाचा वास परत यावा म्हणून लेमन ऑइल बिल फासू नका, बाजारात मिळतं ते बहुतेक मिनरल ऑइल आणि वरून सुगंध, फ्रेटबोर्डला म्हणजे बोटांखालच्या पट्टीला थोडं ठीक, होलच्या आत अजिबात नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक: जुन्या गिटारच्या केसमधून आंबट, झोंबणारा वास आला आणि फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्या किंवा तारा पिळायच्या खुंट्या हिरवट पडलेल्या दिसल्या तर पिकगार्ड, म्हणजे ओरखडे पडू नयेत म्हणून टॉपवर लावलेला पत्रा, बघा. जुने पिकगार्ड सेल्युलॉइडचे असायचे, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर, ते कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि बंद केसमध्ये ती आजूबाजूचा धातू खाते. तो वास व्हिंटेज म्हणून एन्जॉय करायचा नाही, पिकगार्ड काढून बाजूला ठेवायचं.

रेटिंग द्यायचं तर वासासाठी गिटारला पाचपैकी पाच, केसला दोन, आणि त्यातला एक कुलपांचा आहे. केस वेगळी घेणार असाल तर दुकानात आधी तो छोटा कप्पा उघडून हुंगा. मोठ्या जागेत नाही, तिथे बऱ्याचदा डिस्प्लेची गिटार ठेवलेली असते आणि तिचाच छान वास बसलेला असतो.