ट्रान्स-सायबेरियनची ‘रोसिया’: वेगात काठावर पास, बाकी झकास

‘रोसिया’ ही रशियाच्या ट्रान्स-सायबेरियन मार्गावरची रेल्वेगाडी. मॉस्को ते व्लादिवोस्तोक 9,288 किलोमीटर, गाडीत सहा-सात दिवस. घाई असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका. ताशी 250 किलोमीटर पळणारी ‘सापसान’ रशियात आहे, पण ती मॉस्को–सेंट पीटर्सबर्ग मार्गावर. देशाची सुमारे तीन चतुर्थांश वस्ती उरल पर्वताच्या अलीकडे, म्हणजे मॉस्कोच्या बाजूला. पलीकडे एवढ्या महागड्या रुळांचा खर्च निघणार कसा? तिकडे याच दुहेरी मार्गावर कोळशाच्या मालगाड्याही धावतात, मग वेग येणार कुठून?

‘प्लात्सकार्त’ म्हणजे आपला स्लीपर: उघडा डबा, 54 बर्थ. ‘कुपे’त 36, चौघांना एक दार. विषम नंबर खालचे, सम वरचे. प्लात्सकार्तमध्ये 33 ते 38 टाळा, संडासाचं दार रात्रभर आपटतं. 37 पासून पुढे साइड बर्थ. उंच माणसाचे पाय अवघडतात. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब, त्यामुळे चहा आणि नूडल्सची ददात नाही. जुन्या डब्यांत मोठं स्टेशन यायच्या आधीच संडासाला कुलूप लागतं, तेव्हा वेळेत उरकून घ्या.

ऑगस्ट 2018 पासून तिकिटावर स्थानिक वेळ असते. त्याआधी सगळीकडे मॉस्कोची असायची. जुन्या गाइडबुकावर विसंबलात तर गाडी चुकेल, कारण व्लादिवोस्तोक मॉस्कोच्या सात तास पुढे. परदेशी व्हिसा, मास्टरकार्ड 2022 पासून चालत नाहीत, रोकड न्या.

खिडकीची जागा मात्र सोडू नका. तासन् तास बर्चची झाडं, मग अचानक शहर, पुन्हा बर्च. आपल्याकडे गावं आधीपासून होती, रेल्वे मागून आली. इथे बऱ्याच ठिकाणी उलटं. ओब नदीवर पुलासाठी खडकाळ तळाची जागा निवडली आणि 1893 मध्ये तिथे मजुरांची वस्ती पडली. तेच आजचं नोवोसिबिर्स्क, 1962 पर्यंत दहा लाखांवर गेलेलं. 1604 चं जुनं तोम्स्क शहर मुख्य मार्गापासून बाजूला पडलं. तिथे जायला तायगा स्टेशनवर उतरून सुमारे 80 किलोमीटरचा फाटा धरावा लागतो.

ईशान्य सायबेरियातल्या याकुत्स्क शहराचा बेत असेल तर तारखा जपून ठरवा. तिकडची प्रवासी गाडी लेना नदीच्या अलीकडच्या काठावर, निझ्नी बेस्त्याखला संपते; शहर पलीकडे. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या. बर्फ धरताना आणि फुटताना मधले काही आठवडे दोन्ही बंद, तेव्हा सरळ विमानाचं तिकीट काढा.