आयबा-१ ची सशातली पॉलिक्लोनल अँटिबॉडी (वाको ०१९-१९७४१): बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मेंदूच्या सेक्शनमध्ये, म्हणजे पातळ कापांमध्ये, मायक्रोग्लिया पेशी दाखवायच्या असतील तर आयबा-१ या प्रोटीनला चिकटणारी ही अँटिबॉडी घ्या, असं मी आता कोणालाही निःशंकपणे सांगते. पण 'मायक्रोग्लिया सक्रिय झाल्या' हा निष्कर्ष एकट्या हिच्या जोरावर काढायचा विचार असेल, तर तो बेत बदला. हिचं स्टेनिंग इतकं देखणं येतं की जे ती सांगतच नाही, तेही तिच्या तोंडी घालायचा मोह होतो.

थोडी पार्श्वभूमी देते, कारण नवीन येणाऱ्या विद्यार्थ्यांना कॅटलॉग नंबर पाठ असतो, पण त्यामागचं प्रोटीन माहीत नसतं. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी. स्पेनच्या पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये सिल्व्हर कार्बोनेटच्या पद्धतीने त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. आयबा-१ हे कॅल्शियमला बांधलं जाणारं १७ किलोडाल्टनचं छोटं प्रोटीन. त्यात १४७ अमिनो आम्लं. जपानमधल्या कोहसाका यांच्या गटाने १९९६ मध्ये त्याचं वर्णन केलं. हे प्रोटीन अ‍ॅक्टिनच्या जाळ्याशी जोडलेलं असतं आणि पेशीद्रवात सगळीकडे पसरलेलं असतं. त्यामुळे पेशीचं नुसतं शरीर उजळत नाही, तर तिच्या बारीक फांद्यांची टोकंही दिसतात. या अँटिबॉडीसाठी सशाला दिलेला पेप्टाइड आयबा-१ च्या सी-टोकाचा आहे. तो भाग माणूस, उंदीर आणि घूस-उंदीर म्हणजे रॅट यांच्यात जवळजवळ सारखा असल्याने एकच कुपी तिन्हीकडे चालते.

आमचं काम उंदरांच्या हिप्पोकॅम्पसवर (मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग). चार टक्के पीएफएने (ऊती टिकवणारं पॅराफॉर्मल्डिहाइड) परफ्यूजन, म्हणजे ते रक्तवाहिन्यांतून सोडणं, तीस टक्के सुक्रोज, मग क्रायोस्टॅटवर (गोठवलेली ऊती कापणारं यंत्र) कापलेले ३० ते ४० मायक्रॉन जाडीचे तरंगते सेक्शन. ०.३ टक्के ट्रायटन आणि शेळीच्या सीरममध्ये ब्लॉकिंग (अँटिबॉडीने नको तिथे चिकटू नये म्हणून), १:१००० डायल्यूशनमध्ये रात्रभर चार अंशांवर प्रायमरी, म्हणजे हीच अँटिबॉडी, दुसऱ्या दिवशी तिला चिकटून चमकणारी सेकंडरी, म्हणजे शेळीतली अँटी-रॅबिट अ‍ॅलेक्सा ४८८. एवढ्याच साध्या प्रोटोकॉलवर सिग्नल येतो. अशा सेक्शनसाठी अँटिजेन रिट्रीव्हल (अँटिबॉडीची चिकटायची जागा मोकळी करणं) लागलं नाही. पॅराफिनमधल्या ऊतींना मात्र सायट्रेट बफरमध्ये, सहा पीएचला, उकळून घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही.

१:५०० ते १:२००० अशी मालिका लावून पाहिली, तर १:५०० ला सिग्नल थोडा वाढतो, पण पार्श्वभूमीही वर येते आणि बारीक फांद्या त्यात बुडतात. हिशेबही लक्षात घ्या. कुपीत १०० मायक्रोलिटर असतात. १:१००० ला त्यातून १०० मिलिलिटर द्रावण होतं, म्हणजे वेलमध्ये (प्लेटच्या एका खळग्यात) अर्धा मिलिलिटर धरला तर २०० वेल. आयात केलेल्या कुपीची किंमत पाहून डोळे पांढरे होतात खरे, पण प्रत्येक वेलमागचा खर्च काढला की ती परवडते. जास्त डायल्यूशनवर चालणारी अँटिबॉडी महाग दिसली तरी शेवटी स्वस्त पडते, हे ग्रँटचा हिशेब मांडताना गाइडला नक्की सांगा.

कुपी आली की लगेच छोटे अ‍ॅलिक्वॉट करून उणे वीसला ठेवा. पुन्हा पुन्हा वितळवणं-गोठवणं टाळा. पार्सल उघडताना ड्राय आइस शिल्लक आहे का, हे स्टोअरवाल्यांच्या समोरच बघायची सवय लावा. उन्हाळ्यात, मध्ये सुट्टी आली की माल दोन-दोन दिवस गोदामात पडून राहतो. डॅबने (तपकिरी रंग देणारं रसायन) रंगवणार असाल तर एचआरपी (तो रंग उठवणारं एन्झाइम) असलेल्या टप्प्यांच्या कोणत्याही बफरमध्ये सोडियम अझाइड नको. ते एन्झाइम बंद पाडतं. परफ्यूजन नीट झालं नसेल तर तांबड्या पेशींमधली पेरॉक्सिडेज क्रियाही तपकिरी ठिपके उठवते. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडचा टप्पा गाळू नका.

आता विश्वासाचा प्रश्न. पॉलिक्लोनल म्हटलं की परीक्षक भुवया उंचावतात आणि ते योग्यच आहे, कारण सशाच्या रक्तातून मिळणारं मिश्रण कायम तेच राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. आमच्याकडच्या लॉटमध्ये (एका वेळी तयार झालेला माल) मला डोळ्यांना जाणवेल असा फरक दिसला नाही. तरीही नवीन लॉट आला की जुन्याच मेंदूचे जपून ठेवलेले सेक्शन दोन्ही लॉटने शेजारी शेजारी रंगवायचे, हा आमचा नियम आहे. एका प्रयोगातले सगळे प्राणी एकाच लॉटवर उरकायचे आणि लॉट नंबर वहीत लिहायचा. पेपरमध्ये फक्त 'रॅबिट अँटी-आयबा-१' एवढं लिहिणारे अजूनही भेटतात. निदान कॅटलॉग नंबर आणि आरआरआयडी (संशोधन साहित्याचा ओळख क्रमांक) तरी द्या हो, दुसऱ्या कोणाला तरी तोच प्रयोग करून बघायचा असतो.

नकारात्मक कंट्रोल म्हणून प्रायमरी न घातलेला सेक्शन सगळेच ठेवतात. त्याने सेकंडरीची खात्री होते, प्रायमरीची नाही. याहून बोलका पुरावा म्हणजे सीएसएफ१आर (मायक्रोग्लियांना जगायला लागणारा रिसेप्टर) रोखणारं पीएलएक्स३३९७ दिलेल्या उंदराचा मेंदू. त्या औषधाने मायक्रोग्लिया मोठ्या प्रमाणात नाहीशा होतात. एका सहकाऱ्यांकडून असे सेक्शन मिळाले, त्यांवर हिचा सिग्नल जवळजवळ रिकामा होता आणि उरलेल्या तुरळक पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेला होत्या. ते पाहिल्यावर माझा या अँटिबॉडीवरचा भरवसा पक्का झाला. रोजच्या कामात मी सेक्शनमध्येच ताळा करते: निरोगी उंदरात पेशी एकमेकींपासून अंतर राखून, आपापला इलाखा धरून बसलेल्या दिसल्या पाहिजेत आणि हिप्पोकॅम्पसमध्ये त्या सेरेबेलमपेक्षा (लहान मेंदूपेक्षा) दाट हव्यात.

रक्तवाहिन्यांच्या कडेच्या त्या पेशींवरूनच हिची मर्यादा कळते. आयबा-१ मॅक्रोफेजमध्येही (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशींमध्येही) असतं. मेनिन्जेसमधले (मेंदूच्या आवरणांतले), वाहिन्यांभोवतीचे आणि इजा झाल्यावर रक्तातून आत शिरलेले मॅक्रोफेज, सगळे हिने उजळतात. स्ट्रोक किंवा जखमेच्या मॉडेलमध्ये 'मायक्रोग्लिया वाढल्या' असं हिच्यावरून लिहिणं मला पटत नाही. तिथे टीएमईएम११९ किंवा पी२आरवाय१२ हे मायक्रोग्लियांची खास खूण असलेलं प्रोटीन जोडीला हवं. त्यातही पी२आरवाय१२ सक्रिय अवस्थेत खाली उतरतं, हे ध्यानात ठेवूनच.

दुसरी गोष्ट तीव्रतेची. एलपीएस (दाह निर्माण करणारा जिवाणूंच्या आवरणातला घटक) दिल्यावर आयबा-१ चा प्रकाश वाढतो, म्हणून 'मीन इंटेन्सिटी वाढली, सबब सक्रियता वाढली' असं वाक्य सर्रास छापलं जातं. प्रकाश वाढण्याची कारणं अनेक असतात: पेशींची संख्या वाढली, त्या जाड झाल्या, सेक्शन जाड कापला गेला, किंवा लेझर थोडा वर राहिला. वयस्कर उंदरांत लिपोफ्युसिनचा (वयानुसार पेशींत साठणारं रंगद्रव्य) स्वयंप्रकाश यात भर घालतो. तिथे तो स्वयंप्रकाश दाबणारा सुदान ब्लॅक बी हा रंग वापरल्याने खूप फरक पडतो. हिच्याकडून घ्यायचं ते आकाराचं मोजमाप. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर पूर्ण झेड-स्टॅक (खोलीनुसार थराथरांच्या प्रतिमा) घ्या, फांद्या मोजा, शोल विश्लेषण (पेशीपासून किती अंतरावर किती फांद्या, याची मोजणी) करा. फॅगोसायटोसिसबद्दल (पेशींनी कचरा गिळण्याबद्दल) बोलायचं असेल तर रॅटमधली सीडी६८ (पेशीच्या पचन-पिशव्यांतलं प्रोटीन) अँटिबॉडी सोबत लावा. प्रजाती वेगळी असल्याने दोन्ही एकाच सेक्शनवर छान बसतात. उंदरातल्या मोनोक्लोनल जीएफएपी (अ‍ॅस्ट्रोसाइट दाखवणारी) आणि न्यूएन (चेतापेशी दाखवणारी) अँटिबॉडींबरोबरही हिची जोडी जमते, फक्त उंदराच्याच ऊतीवर उंदराची अँटिबॉडी लावताना ऊतीत मूळच्याच असलेल्या अँटिबॉडींचा (आयजीजीचा) त्रास होतो, तेवढं सांभाळा.

वेस्टर्न ब्लॉटसाठी (जेलवर आकारानुसार वेगळी केलेली प्रोटीनं ओळखण्याची पद्धत) याच कंपनीची वेगळी कुपी आहे, ०१६-२०००१. ऑर्डर फॉर्म भरताना दोन नंबरांची सरमिसळ होऊ देऊ नका. १७ किलोडाल्टनचा बँड म्हणजे जेल १५ टक्क्यांचं आणि मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचं हवं, ०.४५ मधून एवढं छोटं प्रोटीन सहज पार निघून जातं.

खरी अडचण येते ती दुसरी महत्त्वाची अँटिबॉडीही सशातलीच असेल तेव्हा, आणि टीएमईएम११९ साठी बहुधा तसंच होतं. अशा वेळी शेळीतली आयबा-१ घ्यावी लागते. ती घेतलीत तर सगळ्या सेकंडरी गाढवातल्या मागवा आणि ब्लॉकिंगला शेळीचं सीरम न वापरता गाढवाचं वापरा. नाहीतर शेळीविरुद्धची सेकंडरी ब्लॉकिंगच्या सीरमलाच चिकटते आणि सगळा सेक्शन उजळून निघतो.